साळिंदराचं माप आणि कासवीची वाट

सागाच्या एका जंगलात एक म्हातारं साळिंदर राहत असे, आणि ते फार दमलेलं असे. कशानं दमलेलं, ते सांगतो. जरा धीर धरा. मीही दमलोय. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता गुडघे बोलायला लागलेत, आणि तुम्ही पोरं "आजोबा गोष्ट, आजोबा गोष्ट" करून माझी दुपारची झोप घालवता. बसा. आधी त्या झोपाळ्याची करकर बंद करा.

तर त्या जंगलात एक तळं होतं. सगळी जनावरं तिथलंच पाणी प्यायची. आणि ही जनावरं मोठी विद्वान होती बरं का! प्रत्येकाचं आपापलं शास्त्र. बगळ्याचं पाण्याचं, घुशीचं मातीचं, सुतारपक्ष्याचं लाकडाचं, नीलगाईचं वाटांचं. आणि प्रत्येकाच्या शास्त्रातलं माप म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. बगळा "पाणी खोल आहे" म्हणाला की समजायचं, त्याच्या गुडघ्याच्या वर आहे. हत्तीण म्हणायची, "छे, इथं तर पाऊलसुद्धा नीट भिजत नाही." घूस मोठ्या तोऱ्यात सांगायची, "मी फार खोल बीळ खणलंय," आणि नीलगाय त्यात खूर घालून विचारायची, "हा खड्डा होय?"

हसू नका. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत हेच चालायचं. इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "ही तर अगदी अलीकडची गोष्ट," म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची. विज्ञानाचे सर एखाद्या जंतूचं कौतुक करायचे, "हा चांगला मोठा आहे हो!" आणि तो बघायला सूक्ष्मदर्शक लागायचा. चित्रकलेचे सर मुलांना ओरडायचे, "डोंगर केवढा काढलास? लहान काढ!" एकाच टेबलावर चहा पिणारी माणसं, पण लहान कशाला म्हणायचं नि मोठं कशाला, यावर कधी एकमत म्हणून नाही. मी बापडा सगळ्यांना सांगायचो, "अहो, आकडा सांगा, आकडा!" मला तेव्हा वाटायचं, आकडा सांगितला की सगळं सांगून झालं.

जंगलातही शेवटी असंच झालं. हत्तीण एकदा सशाला म्हणाली, "ये रे, पाऊलभरच पाणी आहे," आणि ससा उडी मारून गटांगळ्या खायला लागला. बगळ्यानं त्याला कानाला धरून बाहेर काढलं. त्यावरून जंगी भांडण झालं. सभा बसली. हत्तीण अंगानं सगळ्यांत मोठी, म्हणून तीच बोलली, "ज्याच्या त्याच्या पायाचं माप आता पुरे झालं. सगळ्या जंगलाला माप एकच हवं." माप कशाचं करायचं यावर बराच खल झाला. शेवटी साळिंदराच्या पाठीवरचा सगळ्यांत लांब, सरळ, टणक काटा पसंत पडला. साळिंदराला कुणी विचारलं का? छे हो! ते "आई गं" म्हणेपर्यंत काटा उपटून झालासुद्धा.

त्या दिवसापासून जंगलात सगळं काट्यानं मोजायचं ठरलं. काटा मोहाच्या झाडाच्या ढोलीत ठेवला, आणि मोजण्याचं काम साळिंदराच्या गळ्यात पडलं. "काटा तुझा, मग काम कुणाचं?" असं सगळे म्हणाले, आणि साळिंदर कामाला लागलं. गरीब जनावर होतं. आणि कामात मात्र अगदी चोख. घुशीचं बीळ मोजायचंय, बोलवा साळिंदराला. सागाचा घेर मोजायचाय, बोलवा साळिंदराला. दोन हरणांची शिंगं कुणाची लांब यावरून जुंपली, तरी साळिंदरालाच उठवायचे. तळ्याच्या मधोमध एक वाळलेलं खोड उभं होतं. साळिंदरानं माप दाखवलं आणि सुतारपक्ष्यानं चोचीनं त्या खोडावर तळापासून काट्या-काट्यावर खाचा पाडल्या. आता बगळा रोज खोड बघून नुसता आकडा ओरडायचा, "चौदा! आज पाणी चौदा काटे!" आणि खरं सांगतो, भांडणं थांबली. ससा पुन्हा कधी बुडाला नाही. माप एकच असण्याचं मोल कमी समजू नका. मी गणिताचा मास्तर आहे, मला त्याची किंमत कळते.

मग एका मार्गशीर्षात दुसराच वाद निघाला. पाऊस कमी झाला होता. तळं आटलं तर टेकडीपलीकडच्या नदीवर जावं लागणार होतं. ती नदी किती लांब? नीलगाय म्हणाली, "एक दौड." हत्तीण म्हणाली, "एक दिवस." ससा म्हणाला, "दोन दिवस तरी धरा." झालं, सगळ्यांच्या माना साळिंदराकडं वळल्या.

साळिंदर गेलं. काटा जमिनीवर आडवा ठेवायचा, टोकापाशी रेघ मारायची, काटा उचलून रेघेवर ठेवायचा, पुन्हा रेघ मारायची. वाकून, सरपटत, झाडा-झुडपांतून, दगडगोट्यांतून. दर हजार काट्यांवर ते एक पांढरा दगड ठेवायचं, म्हणजे मोजणी चुकायला नको. वाटेत निम्म्यावर एक ओढा लागला, त्याला तेव्हा खळखळ पाणी होतं. तिथं ते अर्धा दिवस पाय बुडवून बसलं, तेवढीच विश्रांती. पस्तीस दिवसांनी परत आलं तेव्हा त्याची पाठ वाकली होती ती पुन्हा सरळ झाली नाही. सभेपुढं उभं राहून ते म्हणालं, "चाळीस हजार काटे."

सगळ्यांनी वा वा केली. "आता वादच मिटला!" हत्तीण म्हणाली. सभा उठली. दमून आलेल्या त्या जिवाला "बस, पाणी पी" म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आता त्या तळ्यातल्या कासवीबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे. जंगलात तिच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. हत्तीणसुद्धा तिला आत्याबाई म्हणायची. त्याच काठावर ती अंड्यातून बाहेर आली, आणि तळ्यापासून शंभर पावलांपलीकडं कधी गेली नाही. तिचं कुठलंही शास्त्र नव्हतं. सभेला ती यायची, पण ती येऊन पोचेपर्यंत निम्मी सभा संपलेली असायची, म्हणून मागं बसून मिळेल ते ऐकायची.

त्या संध्याकाळी ती हळूहळू साळिंदराच्या बिळापाशी आली. साळिंदर नुकतंच आडवं झालं होतं.

"साळिंदरा, जागा आहेस का रे? एक विचारायचं होतं."

"विचारा, आत्याबाई."

"ते तू चाळीस हजार म्हणालास. ते फार आहेत का रे?"

साळिंदरानं एक डोळा उघडला. "चाळीस हजार म्हणजे चाळीस हजार, आत्याबाई. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी स्वतः मोजलेत."

"तू मोजलेस म्हणजे चोख असणार, त्याबद्दल काही नाही म्हणायचं. पण मला म्हणजे..."

"आत्याबाई, माझी पाठ धरलीय. झोपू द्या ना आता."

"झोप हो, झोप," कासवी म्हणाली आणि आली तशी परत फिरली. तिला त्या आकड्यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं. पण एवढ्या दमलेल्याला पुन्हा कुठं उठवायचं, म्हणून ती गप्प बसली.

मला इथं साळिंदराचा राग येतो. कीवही येते, पण राग जास्त. कारण बरोबर उत्तर देऊन समोरच्याला गप्प बसवणं मलाही वर्गात फार छान जमायचं.

पुढं सभेनं नियम केला. तळ्यात पाच काटे पाणी उरलं की सगळ्यांनी जंगल सोडायचं. पाचच का? तर पाचाच्या खाली गेलं की काठाचा चिखल वाढतो, हरणं रुततात, हत्तिणीच्या सोंडेत पाण्याऐवजी गाळ येतो. आणि रोज तळं ज्या गतीनं उतरत होतं, त्या गतीनं पाच काटे म्हणजे अजून दहा दिवसांचं पाणी. वाट एका दिवसाची. म्हणजे भरपूर सवड झाली. हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. नियम सगळ्यांना एकच, लहान-थोर कुणालाही सूट नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागं बसलेल्या कासवीनंही डोलावली.

वैशाख आला. ऊन रणरणायला लागलं. अकरा, नऊ, सात. एका सकाळी बगळा खोडावर बसून ओरडला, "पाच! पाच काटे! तळं संपलं!"

मग काय धांदल उडाली! आया पिल्लांना हाका मारायला लागल्या, नीलगाई उधळल्या, हत्तीण कळप घेऊन पुढं निघाली. कासवीनं पाण्यातून डोकं वर काढून सगळं ऐकलं. तळं संपलं म्हणतात, म्हणजे संपलंच असणार. काठावरून जाणाऱ्या हरणीला तिनं विचारलं, "अगं, किती चालायचंय?"

"एका दिवसाची तर वाट आहे, आत्याबाई!" हरणी धावता धावता म्हणाली. "या मागोमाग!"

आणि कासवी जन्मात पहिल्यांदा तळं सोडून निघाली.

साळिंदर मात्र त्या दिवशी निघालं नाही. सगळे गेले आणि जंगल इतकं शांत झालं, इतकं शांत झालं, की "साळिंदरकाका, जरा येता का?" म्हणणारं कुणी उरलं नाही. ते बिळात आडवं झालं आणि दोन दिवस झोपलं. किती वर्षांची झोप साठली होती कुणास ठाऊक! तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ढोलीतून काटा काढला, तोंडात धरला आणि नदीची वाट धरली.

पहिला पांढरा दगड मागं पडला. दुसरा, तिसरा. चौथ्या दगडापाशी त्याला वाटेत एक गोल खडक दिसला. मोजणी केली तेव्हा इथं असा खडक नव्हता, हे त्याला पक्कं आठवत होतं. जवळ जाऊन बघतं तर कासवी! मान बाहेर लोंबलेली, डोळे मिटलेले, पुढच्या पायांची नखं झिजून गेलेली.

साळिंदराच्या तोंडातला काटा खाली पडला. "आत्याबाई! तुम्ही इथं काय करताय? तुम्ही पोचला असाल म्हणून मी निवांत झोपलो होतो!"

कासवीनं डोळे उघडले. "कोण, साळिंदरा? बरं झालं भेटलास. काय रे, नदी आता जवळ आली असेल ना? एका दिवसाची वाट म्हणत होते. मला दोन दिवस झाले. म्हटलं, मी म्हातारी, मला दोन लागतील."

साळिंदर त्या चौथ्या दगडाकडं बघत होतं. त्यानं स्वतःच्या पंजांनी ठेवलेला दगड. दोन दिवसांत चार हजार काटे. म्हणजे दिवसाला दोन हजार. उरले छत्तीस हजार. करा बघू भागाकार. तुम्हांला तो जेवढ्या वेळात जमला, साळिंदराला त्याहून लवकर जमला. निम्म्या वाटेवरचा तो ओढा आता कोरडा ठणठणीत पडला असणार, हेही त्याला आठवलं. माघातच निघाली असती तर ओढ्यावर दोन दिवस थांबून, पाणी पिऊन, सुखानं पोचली असती ती.

"आत्याबाई, पाण्यावाचून किती दिवस काढता येतील तुम्हांला?"

"उन्हात का? आठ. फार तर दहा."

"तुम्हांला अजून अठरा दिवस चालायचंय," साळिंदर म्हणालं.

कासवी रागावली नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. "अठरा," ती म्हणाली. "मग तेव्हाच का नाही रे सांगितलंस?"

"मी सांगितलं होतं. चाळीस हजार म्हणून."

"ते तू नदीबद्दल सांगितलंस. मी माझ्याबद्दल विचारलं होतं. मी पोचेन का, एवढंच मला विचारायचं होतं, साळिंदरा."

साळिंदराला रडूच कोसळलं. मग त्यानं नाक पुसलं, कासवीला ओढत-ढकलत एका करवंदीच्या जाळीखाली सावलीला नेलं आणि सांगितलं, "इथून हलू नका. मी हत्तीणबाईंना घेऊन येतो." आणि काटा उचलून ते पळालं. साळिंदर पळतं म्हणजे तुमच्या दृष्टीनं चालतंच म्हणा. पण आपल्या परीनं ते जीव तोडून पळालं. दोन दिवस पळालं. नदीवर पोचलं तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं.

हत्तीण पाण्यात डुंबत होती. "आलास? बैस. पाणी बघ किती गार आहे."

"हत्तीणबाई, कासवी मागं राहिलीय. चार हजारांवर. अजून छत्तीस हजार उरलेत."

"मग येईल की!" हत्तीण कानांनी वारा घेत म्हणाली. "आम्ही उजाडता निघालो, दिवस मावळता इथं पोचलो. तूच तर मोजलंस. छत्तीस हजार म्हणजे चाळिसाहून कमीच."

साळिंदरानं पुन्हा आकडा सांगितला. आकडा चोख होता, आणि हत्तिणीवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. मग त्या गरीब जनावराचा तोल सुटला. त्यानं काटा वाळूत फेकून दिला.

"खड्ड्यात गेले ते चाळीस हजार! हत्तीणबाई, तुम्ही आत्ता या पाण्यातून बाहेर निघा. उन्हातून अठरा दिवस चाला. सोंड बुडवायला वाटेत एक डबकं मिळणार नाही. पोचाल का? सांगा, पोचाल?"

हत्तिणीचे कान हलायचे थांबले. "अठरा दिवस? पाण्यावाचून? मी चौथ्या दिवशीच पडेन रे."

"तिची वाट तेवढी आहे."

हत्तीण पाण्यातून उठली. ती तशीच ओल्या अंगानं बाहेर आली, साळिंदराला सोंडेनं उचलून पाठीवर ठेवलं, "काटे मिटून बस रे बाबा," एवढंच म्हणाली, आणि चालू लागली. तिला खरं तर साळिंदराला तिथंच ठेवता आलं असतं. पण ते ऐकेना. वर बसून ते एकेक पांढरा दगड मोजत होतं. तीस. वीस. कोरड्या ओढ्यात नुसती वाळू तापली होती. दहा. पाच. आभाळात गिधाडं दिसत नव्हती, तेवढाच काय तो धीर.

चौथ्या दगडापाशी हत्तीण थांबली. करवंदीच्या जाळीखाली कुणी नव्हतं.

"आत्याबाई!" साळिंदर ओरडलं. "आत्याबाई हो!" कुणी ओ दिली नाही. हत्तिणीनं जाळी सोंडेनं उचकटून बघितली. मग तिला धुळीत पोट घासत गेल्याची ओळ दिसली. तळ्याकडून येणारी एक ओळ होती, आणि तिच्या शेजारून तळ्याकडं परत जाणारी दुसरी.

ती दोघं तळ्यावर आली तेव्हा दिवस कलला होता. पाणी शांत होतं. खोडाजवळ चार बुडबुडे आले आणि कासवीचं डोकं वर आलं.

"आत्याबाई!" साळिंदर हत्तिणीच्या पाठीवरून जवळजवळ पडलंच. "तुम्हांला हलू नका म्हटलं होतं ना मी? जीव गेला असता माझा भीतीनं!"

"म्हटलं होतंस रे," कासवी म्हणाली. "पण तूच सांगितलंस ना, पुढं अठरा दिवस आहेत म्हणून. मागं दोन, ते तर मी चालूनच आले होते. दिवसांत सांगितलंस आणि मला लगेच कळलं. तू नदीवर पोचशील की वाटेतच कुठं पडशील, कुणी सांगावं? किती दमला होतास तू. म्हणून मी उठले आणि घरी आले."

"पण तळं तर संपलंय!" हत्तीण म्हणाली.

"संपलंय?" कासवीनं आधी हत्तिणीकडं बघितलं, मग पाण्याकडं. "बाई गं, मी तळाशी बसले की तुझ्या पिल्लाएवढं पाणी माझ्या डोक्यावर असतं. याला संपलं म्हणतात होय?"

साळिंदरानं खोडाकडं बघितलं. चार खाचा अजून पाण्याखाली होत्या. सगळे निघाले त्याला आज सहा दिवस झाले होते. नेहमीच्या गतीनं तीन खाचा उघड्या पडायला हव्या होत्या, आणि एकच पडली होती.

"तुम्ही गेल्यापासून ते फारसं उतरतच नाही," कासवी म्हणाली. "आता पिणारी मी एकटी. आणि मी पिऊन पिऊन किती पिणार?"

हत्तीण खाली मान घालून उभी राहिली. ती आणि तिचा कळप रोज या तळ्यातून किती पाणी ओढत होता, ते मोजायला साळिंदराला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

"म्हणजे मला उगीचच चालवलंत ना रे तुम्ही," कासवी म्हणाली आणि तिनं पुढचा पाय काठावर टेकला. नखं जवळजवळ नव्हतीच. तळव्याला भेगा पडून त्यात धूळ भरली होती.

"आत्याबाई, आमच्या मनात तसं काही नव्हतं," हत्तीण म्हणाली. "आम्हांला वाटलं, नियम सगळ्यांना एकच असला म्हणजे न्याय झाला. चला आता माझ्याबरोबर. मी उचलून नेते, उद्या संध्याकाळी नदीवर."

"नको गं. मला आता कुणी कुठं नेऊ नका."

साळिंदर काठावर बसून होतं. त्याची पाठ ठणकत होती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. हत्तीण सवयीनं म्हणाली, "बरं, निदान पाणी किती आहे ते तरी एकदा नीट मोज." साळिंदरानं नुसती मान हलवली. काटा नदीकाठच्या वाळूत पडला होता, आणि तो जवळ असता तरी ते उठलं नसतं. ते कासवीच्या जवळ सरकलं.

"आत्याबाई, पाऊस यायला अजून महिना आहे," ते म्हणालं. "एवढं पाणी तुम्हांला पुरेल का?"

कासवीनं मान लांब करून त्याच्याकडं बघितलं. एवढं तिचं आयुष्य गेलं, हजार सभा झाल्या, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरेल रे," ती म्हणाली. "तुलासुद्धा पुरेल. आधी पिऊन घे आणि मग झोप. कुणी उठवायला आलं तर मी बघते."

तात्पर्य एवढंच : माप सगळ्यांना एकच असावं, पण ते जवळ की लांब, थोडं की फार, हे ज्याला चालायचं आणि ज्याला प्यायचं आहे त्याला विचारल्यावाचून ठरवू नये.